तिसरी हाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. मी खिडकीजवळच्या टेबलावर प्रसूती विभागाच्या चादरींसाठी पट्ट्या लिहीत होतो. या शब्दाला इंग्रजीत नऊ अक्षरं आहेत आणि कापडी पट्टी जेमतेम दोन बोटं रुंद, म्हणून पहिल्या अक्षरापासूनच शेवटच्याची काळजी करावी लागते. सहावं अक्षर काढत होतो तेवढ्यात मोठ्या सिस्टर आत आल्या. मी दचकून उभा राहिलो, न पुसणारी शाई सांडली, पट्टी वाया गेली.

"लाँड्रीत इंग्रजी कुणाला येतं?" त्यांनी विचारलं.

चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरच्या मावशींनी कोपरानं माझ्याकडे खूण केली. "हा काय, आमचा कानामात्रा. दिवसभर इंग्रजीच लिहीत असतो."

झालं. हकिगत अशी आहे. आमच्या रुग्णालयाच्या लाँड्रीत नवी यंत्रं येणार आहेत. ती चालवायला शिकवणारे साहेब परदेशातले, त्यांना इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही. चोवीस तारखेला ते आधी आमची परीक्षा घेणार. वीस साधी क्रियापदं, त्यांनी म्हणायची आणि आमच्या माणसांनी ती करून दाखवायची. जमलं तर यंत्रं आमच्या हाती. नाही जमलं तर कपडे बाहेरच्या कंपनीकडे धुवायला जातील आणि आम्हा आठ जणांची पांगापांग होईल. कुणी फाटकावर, कुणी स्वयंपाकघरात, कुणी वॉर्डात. नोकरी कुणाचीच जाणार नाही, असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. पण मावशींनी रोलर बंद केला. जेवणाच्या सुट्टीशिवाय तो त्या कधी बंद करत नाहीत.

मी सिस्टरना खरं ते सांगितलं. "मला फक्त स्पेलिंग येतं. नववीच्या मध्येच शाळा सुटली. बोलता येत नाही."

"स्पेलिंग येतं, मग बोलणं कितीसं लांब?" असं म्हणून त्या गेल्या.

लांब आहे. मी आजवर चार माणसांत एकही इंग्रजी शब्द मोठ्यानं उच्चारलेला नाही.

ही वही आईच्या हुकमावरून. ती म्हणाली, "एकच काळजी तू मला तीनदा ऐकवतोस. आता लिहून काढ आणि मला एकदाच सांग."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला वर्ग. वेळ चार ते पाच, जागा घडीखोली. फळा नाही, म्हणून कपाटाच्या हिरव्या दारावर वीस क्रियापदं खडूनं लिहिली. अक्षर बरं आलं. प्रत्येक शब्द दहा वेळा उतरवून काढायला सांगितला.

विद्यार्थी सात. मावशी. पैलवान, जो ओल्या कपड्यांची ट्रॉली ढकलतो आणि स्वतः त्या ट्रॉलीच्या झाकणाएवढ्या वजनाचा आहे. धुलाईवरचे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. वडिलांचं घड्याळ कुणी ठेवायचं यावरून या दोघांचा चार वर्षं अबोला आहे, पण यंत्र एकच असल्यामुळे उभे शेजारी शेजारी राहतात. घडी घालणाऱ्या नणंद-भावजय, ज्या हसल्या तर एकदमच हसतात. आणि शिवणवाली, जी फाटक्या चादरी रफू करते आणि मी लिहिलेल्या पट्ट्या कोपऱ्यावर शिवते.

"मास्तर," पैलवान म्हणाला, "हा तिसरा शब्द आला की मी करायचं काय?"

"उतरवून घ्यायचा."

"ते आज. पण परीक्षेत साहेब म्हणाला की काय करू? वही काढू?"

नणंद-भावजय एकदम हसल्या.

"अरे, तू मोठ्यानं वाच तरी," मावशी म्हणाल्या.

मी छडीनं शब्द दाखवले. "तुम्ही मनात वाचा."

"मनात वाचायलाही वाचता यावं लागतं, बाळा."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सातांपैकी चौघांना इंग्रजी अक्षरओळखच नाही. पाच वाजता दोघे भाऊ दोन दारांनी गेले आणि पैलवान झोपलेला होता. शिवणवालीनं मात्र वीसच्या वीस शब्द उतरवून घेतले होते. मी तपासले. एकही चूक नाही. नवल वाटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रुग्णालयाच्या दारातल्या औषधवाल्याला इंग्रजी बोलता येतं. त्याच्याकडून उच्चार शिकायचं ठरवलं. नुसतं विचारायला जीव धजावत नाही, म्हणून दर खेपेला खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतो आणि चार शब्द विचारतो. आज 'पुट' आणि 'कट' यांचं मधलं अक्षर एकच असून उच्चार वेगळे का, ते विचारलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? मी गोळ्या विकतो."

वर्ग कालही वाया गेला, आजही. सिस्टरना नाही म्हणून सांगायचं असं ठरवून घरी आलो आणि आईला एकदाच सांगितलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणाली, "पोहायला शिकवताना कुणी पाण्याचं स्पेलिंग सांगतं का रे? ढकलून दे आत."

कुणाला, कशात, ते तिनं सांगितलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज मी काहीच ठरवलेलं नव्हतं. चार वाजता शेवटची ओली चादर उरली होती. दोन कोपऱ्यांना दोघे भाऊ, उरलेल्या दोन कोपऱ्यांना नणंद-भावजय, अशी ती झटकायला धरली होती. मावशींना मस्करी सुचली. टॉवेलांचा गोळा करून त्यांनी चादरीच्या मध्यावर टाकला. गोळा पडू नये म्हणून चौघांची धांदल उडाली. मी मावशींच्या मागे उभा होतो. कसं कोण जाणे, त्यांच्या कानात म्हणालो, "लिफ्ट. म्हणजे उचला."

"लिफ्ट!" मावशी गरजल्या. मावशींचा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या पेशंटांनाही ओळखीचा आहे.

"लिफ्ट?" चौघंही ओरडली.

"लिफ्ट!"

चादर वर गेली, गोळा उडाला, परत चादरीवर पडला. मी पुढचा शब्द कानात सांगितला. 'शेक'. मग 'टर्न', मग 'पुल'. 'पुल'ला थोरल्यानं एवढ्या जोरात ओढलं की धाकटा चादरीसकट त्याच्या अंगावर आला. चार वर्षांत पहिल्यांदाच ते दोघे एवढे जवळ आले असतील. 'ड्रॉप' म्हटल्यावर सगळ्यांनी चादर सोडली आणि गोळा पैलवानाच्या डोक्यावर बसला.

हे जे आधी हाक, मग उलट हाक, मग पुन्हा हाक झालं, ते मी शिकवलेलं नाही. ती आमच्या लाँड्रीची तिहेरी हाक. रोलरच्या अलीकडून मावशी चादर आत सोडतात, पलीकडून घडीवाल्या ती ओढतात. मध्ये तापलेलं लोखंड, एकमेकींचे हात दिसत नाहीत. म्हणून मावशी म्हणतात "ओढ", पलीकडून विचारतात "ओढ?", आणि मावशींनी पुन्हा "ओढ!" म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मावशींची डावी करंगळी सरळ होत नाही, तेव्हापासूनचा हा नियम. आता तो सगळ्यांच्या रक्तात भिनलाय. पैलवान घरी मीठ मागतानाही तीन हाका लागतात, असं त्याची बायको सांगते.

मग मी खेळाचा नियम केला. तिसऱ्या हाकेआधी जो हलेल किंवा चुकीचं करेल, तो बाद. बाद झालेल्यानं माझ्या टेबलाजवळच्या बाकावर येऊन बसायचं.

पहिली बाद झाली शिवणवाली. 'होल्ड' म्हटल्यावर तिनं चादर सोडून दिली.

सव्वापाचपर्यंत कुणी घरी गेलं नाही. सहा शब्द आले. सहा! मी आईला तीनदा सांगितलं, तिनं तीनदा ऐकून घेतलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुका खेळ. एकानं शब्द न बोलता करून दाखवायचा, बाकीच्यांनी इंग्रजीत ओळखायचा. मावशींनी 'वॉश' असा केला की थोरला आपोआप साबण शोधायला लागला. पैलवानाला 'सिट' दिला होता. तो बसला, आणि कुणी ओळखायच्या आत घोरायला लागला. भावजय म्हणाली, "हा शब्द यादीत नाही, पण यांना चांगला येतो."

शिवणवाली पुन्हा पहिली बाद.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आजचा प्रसंग नीट लिहून ठेवायला हवा.

'गिव्ह' आणि 'टेक' होतं. गोल करून बसायचं, शेजाऱ्याला वस्तू द्यायची. धाकट्याच्या शेजारी नेमका थोरला आला. नणंदेनं मुद्दाम बसवला होता, असा माझा संशय आहे. धाकट्याच्या हातात साबणाची वडी.

धाकटा समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "टेक."

थोरला छताकडे बघत म्हणाला, "टेक?"

"टेक!"

थोरल्यानं वडी घेतली.

मावशींनी डोळ्याला पदर लावला. धाकट्याला म्हणाल्या, "अरे, बोललास की भावाशी! अबोला सुटला म्हणायचा."

"छे," धाकटा म्हणाला, "शपथ आपल्या भाषेत बोलायची नाही अशी होती. इंग्रजीची शपथ कुणी घातली होती?"

जाताना दोघे एकाच दारानं गेले. जिन्यावरून "गो", "गो?", "गो!" असं ऐकू येत होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिवणवालीची मला फार काळजी वाटते. बाकीच्यांना चौदा शब्द पक्के आले. ती मात्र रोज पहिल्या नाहीतर दुसऱ्या हाकेला बाद होते आणि माझ्या बाकावर येऊन बसते. तिथून कपाटावरची स्पेलिंगं बघत राहते. काल म्हणाली, "तुमचा 'एम' मला लांबूनही ओळखू येतो. दोन्ही खांदे सारखे असतात." अक्षराकडे एवढं लक्ष असताना अर्थ कसा कळत नाही?

आज जेवणाच्या सुट्टीत तिला वेगळं शिकवलं. टेबलावर कात्री, दोरा, खडू आणि सुई टोचू नये म्हणून ती बोटात घालते ते अंगुस्तान ठेवलं. मी 'गिव्ह' म्हटलं की ती वस्तू घेते, 'टेक' म्हटलं की देते. अगदी उलट, न चुकता उलट.

शिवाय तिला ऐकूही कमी येत असावं. "जरा जवळून सांगा ना, मास्तर, यंत्राच्या आवाजात कळत नाही," असं ती म्हणाली. त्या वेळी यंत्रं बंद होती. कान तपासून घ्या, असं मी सुचवलं.

तिची चिकाटी मात्र वाखाणण्यासारखी आहे. उद्याही येते म्हणाली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अपघात होता होता वाचलो. मी पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन उताराच्या खालच्या टोकाला उभा होतो. तिसऱ्या पट्टीवर एक रेघ तिरकी वाटत होती, ती बघत होतो. वरून पैलवानाची भरलेली ट्रॉली ओल्या फरशीवर घसरली.

"पैलवान, होल्ड!" शिवणवाली किंचाळली.

"होल्ड?" ट्रॉली हातातून निसटत होती, तरी पैलवानानं विचारलं.

"होल्ड! पुल!" आणि त्याच्या 'पुल?'ची वाट न बघता तिनं माझी बाही धरून मला बाजूला ओढलं. "दिसत नाही का तुला? कायम त्या अक्षरांत डोकं!"

ट्रॉली माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. पट्ट्या सगळीकडे.

दोन गोष्टींची नोंद. एक, संकटातही पैलवान तिसऱ्या हाकेसाठी थांबला. शिस्त किती मुरली आहे! मला अभिमान वाटला. दोन, तिनं दोन्ही शब्द बरोबर वापरले. पण त्यावर विसंबता येणार नाही, घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो. मला 'तू' म्हणाली तेही त्यातलंच असणार.

आई आता रोज एकच विचारते, "आज पहिली बाद कोण?" मी सांगतो, आणि ती मान हलवत भांडी घासते. तिलाही काळजी लागलेली दिसते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टर वर्ग बघायला आल्या. पाच मिनिटं दाराशी उभ्या राहिल्या. मग चपला काढून चादरीचा एक कोपरा धरला. 'शेक'ला बाद झाल्या. बाकावर शिवणवालीशेजारी बसल्यावर दोघी कुजबुजत होत्या. सिस्टर मोठ्यानं हसल्या, मग माझ्याकडे बघून पुन्हा हसल्या. माझ्या शर्टाची बटणं तपासली. नीट होती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळीच रंगीत तालीम. वीसच्या वीस. मावशी, पैलवान, दोघे भाऊ, नणंद, भावजय, कुणाचीही एकसुद्धा चूक नाही. शिवणवाली 'ओपन'ला दार लावून बाद झाली.

साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं तर? गुरुवारपासून मी याच विचारात होतो. आज मनाशी वाक्य तीनदा जुळवून, तिच्या मशीनपाशी गेलो.

"सोमवारी तुम्ही सुट्टी घेतलीत तर?"

तिनं मशीनचं पायडल थांबवलं. "का?"

"तुमच्यासाठीच म्हणतो. सगळ्यांसमोर चुकलात तर तुम्हाला वाईट वाटेल."

"आणि?"

"आणि आपली सगळ्यांची पांगापांग होईल."

"म्हणजे माझ्यामुळे."

मी तिच्या दोऱ्याचं रीळ सरळ करून ठेवलं. ती म्हणाली, "बरं," आणि मशीन चालू केलं. फार जोरात चालवत होती.

संध्याकाळी बघितलं तर आजच्या सगळ्या पट्ट्या तिनं उलट्या शिवल्या होत्या. 'वॉर्ड सात' डोक्यावर उभा. तिची अशी चूक कधी होत नाही. तब्येत बरी नसावी.

रविवार, २३ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाढव आहेस." कशाबद्दल, ते सांगायला नकार दिला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज घाईत लिहितोय, अक्षराला माफी असावी.

साहेब दहाला आले. उंच, कानामागे पेन, नखांत यंत्राचं वंगण. ते बघून मला जरा धीर आला. व्यवस्थापक आणि मोठ्या सिस्टर सोबत. माझ्यासाठी हुकूम असा होता, की शिकवणाऱ्यानं आपल्या टेबलाशी उभं राहायचं, परीक्षा संपेपर्यंत बोलायचं नाही, खूण करायची नाही. सात जण ट्रॉलीभोवती उभे राहिले. सात! शिवणवाली आली होती. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाले, "लिफ्ट."

"लिफ्ट?" सात आवाज एकदम.

साहेब खूश झाले. मान हलवली, आणि वाट बघत उभे राहिले. आमची माणसंही वाट बघत उभी राहिली. ट्रॉलीचं झाकण होतं तिथेच.

साहेबांनी कागदावर काहीतरी केलं. "पुश."

"पुश?"

पुन्हा तेच. 'टर्न'. "टर्न?" 'ओपन'. "ओपन?" सातही चेहरे साहेबांच्या तोंडाकडे लागलेले, तिसरी हाक कधी येते म्हणून. आणि साहेबांना ती कुठून माहीत असणार? चूक माझी होती, त्यांची नव्हती. तीन आठवडे मी त्यांना एका हाकेवर हलायचं नाही, हेच शिकवलं होतं. हलला तो बाद!

साहेब व्यवस्थापकांकडे वळून हळूच काही म्हणाले. त्यातला 'पोपट' या अर्थाचा शब्द मला कळला. त्याचं स्पेलिंग मला येतं. व्यवस्थापकांनी खांदे पाडले. साहेबांनी पेन कानामागे ठेवलं.

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. हुकूम होता म्हणून गप्प राहिलो, असं लिहिता आलं असतं. पण हुकूम नसता तरी फुटला नसता.

तेवढ्यात शिवणवाली रांगेतून बाहेर आली. आपल्या मशीनचं स्टूल उचललं, आणून साहेबांच्या मागे ठेवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सिट."

साहेब गोंधळले. "सिट?"

"सिट!"

ते बसले.

"पास!" पैलवान ओरडला. "साहेब पास!"

लाँड्रीत असा कल्ला झाला की वरून एक वॉर्डबॉय काय पेटलं ते बघायला धावत आला. नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडल्या. साहेब स्टुलावर बसून आधी तिच्याकडे, मग सगळ्यांकडे बघत होते. मोठ्या सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी रोलरकडे बोट केलं, मावशींची करंगळी दाखवली, आणि इंग्रजीत तीन बोटं मोजत काहीतरी समजावलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. उठले, बाह्या वर केल्या.

"लिफ्ट."

"लिफ्ट?"

"लिफ्ट!"

झाकण एवढ्या जोरात वर गेलं की ते बिजागरीतून निघून पैलवानाच्या हातात आलं. त्यानंतर कुणाला थांबवणंच कठीण झालं. चादर वर, खाली, गोल. धाकट्यानं थोरल्याला दिलं, थोरल्यानं घेतलं. शिवणवालीला साहेबांनी एकटीला सहा शब्द विचारले. सहाही बरोबर. 'गिव्ह' आणि 'टेक'सुद्धा. तिला येत होतं. सगळं येत होतं. मग रोज बाद का व्हायची?

शेवटचा शब्द 'गो' होता. "गो?" "गो!" आणि सातही जण रांगेनं दारातून बाहेर गेले. पुढे काहीच होईना. साहेब हसून हसून स्टुलावर वाकलेले. बाहेर बोळात सात माणसं तोंडं मिटून उभी, पुढची हाक नाही म्हणून. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "परीक्षा संपली, मास्तर. बोलावणार की नाही त्यांना? की संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायचं?"

कानात सांगायला मावशी नव्हत्या. मावशी बाहेर होत्या.

"कम," मी म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही. मग पोटातून जोर काढला. "कम!"

बोळातून सात आवाज आले, "कम?" त्यातला एक बाकीच्यांहून जरा आधी.

"कम!"

आले सगळे. यंत्रं आमची.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दुपारी साडेचार. प्रसूती विभागाची पट्टी लिहीत होतो, सातवं अक्षर. समोर सावली पडली. शिवणवाली. तिच्या हातात शनिवारच्या उलट्या पट्ट्यांची चादर होती. एक एक उसवून तिनं सुलट शिवली होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी तुम्हाला सुट्टी घ्या म्हणालो, ते चुकलं."

"चुकलंच."

"पण तुम्हाला सगळं येत होतं तर—"

"बाकावरून अक्षर छान दिसतं," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन उभी राहिली. "कम."

यंत्रं चालू होती, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "कम?"

"कम!"

मी गेलो. पट्टी अर्धी राहिली. कोपऱ्यावरच्या टपरीत दोन चहा घेतले. पैसे काढायला माझा हात खिशात गेला, तर खोकल्याच्या गोळ्यांचंच पाकीट हाताला लागलं. पैसे तिनं दिले. गोळी मी दिली. 'टेक' म्हणालो, तिनं पहिल्याच हाकेला घेतली.

घरी येऊन हिशेब मांडला.

खडूची एक पेटी: १५.
खोकल्याच्या गोळ्या, चार शब्दांना एक याप्रमाणे पाच पाकिटं: ५०. एक गोळी सोडून सर्व शिल्लक, घरात कुणाला खोकला नाही.
वाया गेलेल्या पट्ट्यांचे रुग्णालयाकडे भरले: ६.
एकूण खर्च: ७१.
देणं: शिवणवालीचा एक चहा. मी उद्याच फेडतो म्हणालो. ती म्हणाली, "घाई नको. एकदम नको फेडूस. रोज थोडा थोडा फेड."

एका चहाचे हप्ते कसे पाडायचे ते मला समजलं नाही. आईला विचारलं तर ती दाराची चौकट धरून हसत सुटली आहे. तरी उद्या साडेचारला पहिला हप्ता देणार.